इनिट बदलताय? रूट फाइलसिस्टीमच्या या चुका टाळा

नाशिकमधल्या अंबड-सातपूरच्या एमआयडीसीत डेटा लॉगर, गेटवे बनवणाऱ्या मित्रांचा एक प्रश्न नेहमी येतो: ‘बिल्डरूटमध्ये बिझीबॉक्सचं इनिट काढून सिस्टमडी घेतलं, आता बोर्ड धड बूट होत नाही. काय करू?’ (बिल्डरूट म्हणजे छोट्या बोर्डसाठी लिनक्स तयार करणारं साधन. इनिट म्हणजे बूट होताना सर्वात आधी चालून बाकी सगळं सुरू करणारा प्रोग्राम; बिझीबॉक्स, सिसव्ही, सिस्टमडी, ओपनआरसी हे त्याचे पर्याय. रूट फाइलसिस्टीम म्हणजे बोर्डवरच्या सगळ्या फाइल्सचं मूळ झाड.)

आधी मेक क्लीन करा, म्हणजे जुना बिल्ड पुसून सगळं नव्याने बांधा. मेनूकॉन्फिगमध्ये (बिल्डरूटच्या सेटिंगच्या मेनूत) इनिट बदलून नुसतं मेक चालवलं, तर टार्गेट फोल्डरमधल्या (जिथे बोर्डची फाइलसिस्टीम तयार होते) जुन्या फाइल्स बिल्डरूट काढत नाही आणि दोन इनिटांची खिचडी होते. पूर्ण बिल्डला वेळ लागतो, पण इथे आडवाट नाही.

मग ओव्हरले तपासा, म्हणजे तयार फाइलसिस्टीमवर कॉपी होणारं तुमच्या फाइल्सचं फोल्डर. बिल्डरूटची स्वतःची वाटणी स्वच्छ आहे: सगळ्यांना लागणारं कॉमन स्केलेटनमध्ये (फाइलसिस्टीमच्या मूळ सांगाड्यात), बाकी सिसव्ही, सिस्टमडी, ओपनआरसी यांचं वेगवेगळं. (बिझीबॉक्सही सिसव्हीचंच स्केलेटन वापरतो.) तुमचे ओव्हरलेही असेच वेगळे ठेवा. मेनूकॉन्फिगमधल्या ओव्हरलेच्या पर्यायात स्पेस देऊन अनेक फोल्डर लिहिता येतात. प्रत्येक डिफकॉन्फिगला (जतन केलेल्या सेटिंगच्या फाइलला) हवे तेवढेच द्या.

बिझीबॉक्सची इनिटटॅब (काय कधी सुरू करायचं ते इनिटला सांगणारी फाइल) सिसव्हीला चालेल, असं समजू नका. बिझीबॉक्समध्ये पहिला रकाना टर्मिनलचा, आणि रनलेव्हलकडे (सिस्टीम कोणत्या अवस्थेत चालवायची त्या आकड्याकडे) तो बघतच नाही. सिसव्हीला पहिल्या रकान्यात प्रत्येक ओळीचा वेगळा आयडी लागतो. तो रिकामा असला की तक्रार आलीच.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते लॉगचं. सिसव्ही स्केलेटनमध्ये /व्हार/लॉग ही /टेम्पकडे जाणारी सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी फाइल) असते आणि /टेम्प रॅममध्ये. साइटवर लाइट गेली की लॉग गेला. ओव्हरलेमधून तिथे फाइल ठेवली तर ती /टेम्पमध्ये उतरते आणि बूट झाल्यावर बोर्डवर दिसत नाही. म्हणून टिकवायचा डेटा वेगळ्या पार्टिशनवरच ठेवा. सिस्टमडीत जर्नलची (त्याच्या लॉगची) साठवण ‘ऑटो’वर असेल, तर /व्हार/लॉग/जर्नल हे फोल्डर खऱ्या डिस्कवर असेल तरच जर्नल रीबूटनंतर उरतो.

सिस्टमडी घेतलं की /बिन, /एसबिन, /लिब या /यूएसआरमध्ये जाणाऱ्या सिमलिंक होतात. ओव्हरलेमध्ये या नावाचं खरं फोल्डर असेल तर बिल्ड तिथेच थांबतो. फाइल्स /यूएसआरमधल्या त्याच नावाच्या फोल्डरमध्ये हलवा.

सिसव्हीची स्क्रिप्ट सुरूच होत नसेल तर नाव बघा: एस, मग दोन आकडे. एक्झिक्यूट परवानगीही हवी. विंडोजवर लिहिलेली फाइल असेल तर ओळींचे शेवट युनिक्स पद्धतीचे करून घ्या, नाहीतर फाइल समोर असूनही ‘नॉट फाउंड’ येतं.