लहान मूल, कुत्री आणि कॅरॅव्हॅन: ब्रिटनमध्ये नवीन आलेल्यांसाठी

घरात दीड-दोन वर्षांचं मूल आणि कुत्री असतील, तर ब्रिटनमध्ये सुट्टीला हॉटेलपेक्षा कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, बरी, असं माझं ठाम मत आहे. रात्री दोन वाजता दूध गरम करायला गॅस हाताशी असतो आणि कुत्र्यांना केनेलमध्ये, म्हणजे कुत्रे सांभाळणाऱ्यांकडे, टाकून यावं लागत नाही. पण दर उन्हाळ्यात नवीन आलेली कुटुंबं त्याच त्याच जागी ठेचकाळतात, म्हणून हे लिहितेय.

पहिल्या खेपेला गाडीमागे ओढायची कॅरॅव्हॅन घेऊ नका. साइटवर कायम उभी असते ती स्टॅटिक भाड्याने घ्या. चादरी-टॉवेल भाड्यात धरलेत का, हे विचारा, बरेचदा नसतात. मूल अजून शाळेत जात नाही, तर त्याचा फायदा घ्या आणि शाळांच्या सुट्ट्या सोडून जा. मे ते सप्टेंबर अनेक किनाऱ्यांवर कुत्र्यांना बंदी असते. तिथल्या कौन्सिलचे, म्हणजे स्थानिक पालिकेचे, नियम आधी वाचा.

गाडी चालवण्याबद्दल थोडंच सांगते. भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून 12 महिनेच चालतं आणि ते बदलून मिळत नाही, इथली परीक्षा द्यावीच लागते. ती दिलीत की डिसेंबर 2021 पासूनच्या नियमानुसार 3,500 किलोपर्यंतचा ट्रेलर (ओढायची कॅरॅव्हॅनही त्यातच आली) ओढायला वेगळी परीक्षा नाही. तरी आधी एखादा दिवस शिकून घ्या. भरलेल्या कॅरॅव्हॅनचं वजन गाडीच्या वजनाच्या 85 टक्क्यांत ठेवा. मोटरवेवर ताशी 60 मैलांच्या वर जायचं नाही, आणि तीन किंवा जास्त लेन असतील तर सर्वांत उजवीकडच्या लेनमध्ये शिरायचं नाही. कॅरॅव्हॅन मागे डोलायला लागली तर ब्रेकवर पाय दाबू नका, ॲक्सिलरेटर हळूच सोडा.

एक प्रश्न मला हमखास विचारला जातो: बाळ झोपलंय, तर मी त्याला घेऊन मागे कॅरॅव्हॅनमध्येच बसू का? नाही. चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये माणसं बसवणं बेकायदा आहे. मूल गाडीत, त्याच्या सीटवर. कुत्रीही गाडीतच, हार्नेसने बांधून किंवा पिंजऱ्यात.

आता पुढचं दोनदा वाचा. पेटवलेला कोळसा आत आणायचा नाही. कॅरॅव्हॅनमध्ये नाही आणि बाहेर लावलेल्या ऑनिंगच्या तंबूतही नाही. होतं काय, की संध्याकाळी पाऊस येतो, पनीर आणि कणसं अर्धी भाजून झालेली असतात, कुणीतरी बार्बेक्यू उचलून ऑनिंगमध्ये ठेवतं. जेवण उरकतं, कोळशावर पांढरी राख धरते, ‘विझलाय, राहू दे, तेवढीच ऊब’ असं म्हणून सगळे झोपतात. तो विझलेला नसतो. राखेखालचा निखारा तासन् तास कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो. त्या वायूला ना वास, ना रंग. या देशात कॅम्पिंगला गेलेली माणसं अशाने झोपेतच दगावली आहेत. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणं. लहान मूल ती सांगू शकत नाही. दिवसभर खेळून दमलंय असंच आपल्याला वाटतं. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म स्वतःचा विकत घ्या आणि निघण्यापूर्वी बटण दाबून तपासा. तो वाजला तर मुलाला उचलून सगळे बाहेर पडा आणि 999 हा इथला आपत्कालीन नंबर लावा. थंडी वाजते म्हणून गॅसची शेगडी पेटवून ठेवणंही तितकंच घातक. भिजा, उपाशी झोपा, पण कोळसा आत नको.

घरी एकमेकांना सांभाळून घेणारं मूल आणि कुत्रं तेवढ्याशा जागेत एकमेकांना टाळू शकत नाहीत. टेबलाखाली कुत्र्याचं अंथरूण घाला आणि तिथे मुलाने जायचं नाही, हे पहिल्या दिवसापासून पाळा. कुत्रं जेवताना मूल कडेवर. दोघांना एकटं सोडून पाच मिनिटंही नळावर जायचं नाही. बाहेर कुत्र्याला खुंटीला लांब दोरीने बांधू नका: कुत्रं गोल फिरतं, दोरी गुडघ्याएवढ्या उंचीवर ताणली जाते आणि मूल तिच्यात अडकून तोंडावर आपटतं.

मेंढ्यांच्या बाबतीत इथला शेतकरी अजिबात ऐकून घेत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. कुत्रं मेंढ्यांमागे लागणं हा गुन्हा आहे. काही परिस्थितीत शेतकऱ्याला कुत्र्यावर गोळी झाडण्याची मुभाही कायदा देतो. ‘आमचा काही करत नाही’ हे तिथे चालत नाही. इंग्लंडमधल्या मोकळ्या माळरानांवर 1 मार्च ते 31 जुलै कुत्रं लीशवर, म्हणजे हातात धरायच्या दोरीवर, हवं आणि ती दोन मीटरपेक्षा लांब नको; जनावरांजवळ तर हे वर्षभर. गाई अंगावर आल्या तर मात्र लीश सोडून द्या. कुत्रं पळून वाचतं, तुम्ही मुलाला घेऊन बाहेर पडा. गळपट्ट्यावर मालकाचं नाव आणि पत्ता लागतो. नुसती मायक्रोचिप पुरत नाही.

इंग्रज माणूस तुमच्याशी बोलायच्या आधी तुमच्या कुत्र्याशी बोलतो. त्याला उत्तर द्या, ओळख होते, पुढे मदतीला तोच धावून येतो. आपली मंडळी मात्र चार कुटुंबांनी शेजारशेजारच्या जागा घेऊन मध्यरात्रीपर्यंत गप्पा छाटतात. त्याने दोन्हीकडची मुलं जागी होतात आणि मग कुत्री भुंकतात. एका वेळी दोन कुटुंबांनीच जा. आणि बुकिंगच्या वेळी कुत्री किती हे खरं सांगा. अनेक साइट दोनच घेतात आणि तिसरं दिसलं की गेटवरून परत पाठवतात.