काजूच्या हंगामात माकडतापापासून कसं सांभाळायचं

दोडामार्ग, सावंतवाडी, बांदा आणि पलीकडे गोव्यात सत्तरी, या पट्ट्यात ज्यांची काजूची बाग आहे किंवा जे दुसऱ्याच्या बागेत बिया वेचायला जातात त्यांच्यासाठी हे लिहितोय. मुंबई-पुण्याहून सुट्टीत गावी येऊन बागेत चक्कर मारणाऱ्यांनी तर नक्की वाचा, कारण गावातल्या माणसाला निदान आशाताई तरी सांगून जाते, तुम्हाला कोणी सांगत नाही, आणि ताप येणार तो परत गेल्यावर, दादर नाहीतर कोथरूडला, जिथल्या डॉक्टरांनी बहुतेक माकडतापाचा पेशंट कधी बघितलेलाच नसतो.

पहिली गोष्ट, माकड चावून हा ताप येत नाही. नाव माकडताप असलं तरी तो देते गोचीड. जंगलातले उंदीर, चिचुंद्र्या आणि माकडं यांच्या अंगात हा व्हायरस असतो, गोचिडीचं बारीक पिल्लू त्यांचं रक्त पितं, मग खाली पडून पातेऱ्यात, म्हणजे वाळल्या पानांच्या थरात, कात टाकतं, जरा मोठं होतं आणि पुढचं रक्त प्यायला जे कोण तिथून जाईल त्याला चिकटतं, मग ती गुरं असोत, माकड असो नाहीतर तुम्ही. माणसाच्या पुढे हा व्हायरस जात नाही. म्हणजे आजारी माणसाजवळ बसून, त्याच्या ताटात जेवून, त्याचे कपडे धुऊन माकडताप होत नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण घरात एक पेशंट निघाला की अख्ख्या घराकडे लोक वाकडी वाट करून जायला लागतात, ते बंद करा.

याची सुरुवात 1957 ची, कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाच्या जंगलाजवळ. तिथे माकडं पटापट मरायला लागली आणि पाठोपाठ गावकरी तापाने फणफणले. माकडं मरतायत म्हटल्यावर आधी शंका आली ती आफ्रिकेतला यलो फीवर भारतात शिरला की काय. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आज आपण ज्याला एनआयव्ही (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ व्हायरॉलॉजी) म्हणतो त्यांनी शोध लावला की हा वेगळाच व्हायरस आहे आणि तो गोचिडीतून येतो. पुढे बरीच वर्षं हा आजार कर्नाटकातच होता. मग 2012 नंतर नीलगिरी, वायनाड, 2015 ला सत्तरीतलं पाळी गाव, आणि 2016 ला आपल्या दोडामार्ग तालुक्यातलं केर. सह्याद्री धरून वर सरकत आला असं म्हणायला हरकत नाही. काजूचा आणि याचा संबंधही जुना आहे बरं का, 1982-83 मध्ये दक्षिण कन्नडच्या बेळतंगडी तालुक्यात काजू लागवडीसाठी जंगल तोडलं आणि तिथे मोठी साथ उठली होती. जंगल जिथे तुटतं आणि माणूस, गुरं, माकडं सगळी एकाच काठावर येतात तिथे हे होतं.

कधी जपायचं

पाऊस संपला की गोचिडीची पिल्लं निघतात, नोव्हेंबर-डिसेंबरपासून ती माणसाला चावण्याइतकी होतात, आणि जानेवारी ते एप्रिल हा खरा जोर. मे अखेरपर्यंत धरून चाला, पाऊस लागला की केसेस थांबतात. आता तुम्हीच बघा, बागेची साफसफाई, पातेरा गोळा करणं, तरव्याची भाजावळ (भाताच्या रोपांसाठी जमीन भाजणं), लाकूडफाटा आणि मग काजूच्या बिया वेचणं, आपली जंगलातली सगळी कामं नेमकी याच महिन्यांत. त्यामुळे कामं बंद करा असा सल्ला देण्यात काही अर्थ नाही, काम बंद ठेवून खायचं काय. कामाची पद्धत थोडी बदलायची एवढंच हातात आहे.

लसीचं काय, असं बरेच जण विचारतात. कर्नाटकात 1990 पासून एक लस द्यायचे, एक महिन्याच्या अंतराने दोन डोस आणि मग पुन्हा पुन्हा बूस्टर, पण ती फार परिणामकारक ठरत नाही असं दिसल्यावर तिचा वापर थांबवला. नवीन लसीवर काम चालू आहे. ती येईपर्यंत आपण आहोत आणि आपले कपडे आहेत.

बागेत जाताना

पूर्ण बाह्यांचा शर्ट, पूर्ण पँट, आणि पँटचं टोक मोज्याच्या आत खोचायचं. हसतील लोक, हसू देत. गोचीड झाडावरून उडी मारत नाही की उडत येत नाही, ती पातेऱ्यात नाहीतर गवताच्या काडीवर बसलेली असते आणि पायाला लागली की वर चढत जाते, म्हणून पायाचा बंदोबस्त आधी. बायकांनी साडीवर काम करायचं तर आतून लेगिंग आणि मोजे घालावेत आणि वरून जुना शर्ट. गमबूट असले तर उत्तमच, पण मार्चच्या उन्हात गमबूट घालून दिवसभर वाकून बिया वेचायला सांगणाऱ्याने आधी स्वतः वेचून बघाव्यात, त्यामुळे साधे बूट आणि खोचलेले मोजे हे चालून जातं. कपडे फिक्या रंगाचे घाला, त्यावर गोचीड दिसते.

तेल लावायचं. डेपा नावाचं गोचिडीला लांब ठेवणारं तेल आहे, डीआरडीओने बनवलेलं, साथीच्या भागात आरोग्य खात्याकडून वाटलं जातं, तुमच्या गावात आलंय का ते आशाताईला नाहीतर आरोग्य केंद्रात विचारा आणि मजुरांसाठीही मागून घ्या. नाही मिळालं तर मेडिकलमध्ये डीट असलेलं क्रीम मिळतं, त्याच्यावर लिहिलेलं वाचून घ्या. हातापायांना, मानेला, घोट्याच्या वर नीट लावायचं, डोळे-तोंड आणि जखम सोडून. आणि हे सकाळी एकदा लावलं की संध्याकाळपर्यंत टिकत नाही, घामाने जातं, दुपारी जेवल्यावर पुन्हा लावायचं. नेमकं हेच कोणी करत नाही. घरी आलं की साबणाने धुऊन टाकायचं.

बागेत सगळ्यात जास्त गोचिडी कधी लागतात माहितेय? काम करताना लागतात त्यापेक्षा बसल्यावर. दुपारी डबा खायला सगळे सावलीत बसतात, सावली म्हणजे पातेरा, त्यात मांडी घालून बसायचं, पोटभर जेवून तिथेच अर्धा तास लवंडायचं. तेवढा वेळ गोचिडीला पुष्कळ झाला. त्यामुळे जेवायला मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात या, खळ्यावर या, नाहीतर एक ताडपत्री ठेवा आणि ती साफ केलेल्या जागेवरच अंथरा. लहान मुलांना सोबत नेऊन पातेऱ्यावर खेळायला सोडणं तर अजिबात नको. मांगराच्या आजूबाजूचा आणि पायवाटेवरचा पातेरा हंगाम सुरू व्हायच्या आधीच ओढून लांब टाकायचा. गोचिडी मारायला म्हणून कडक उन्हात तो पेटवून देऊ नका, वणवा लागला की शेजारच्या चार बागा जातात आणि पुढे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

घरी आल्यावर

आधी कपडे. बागेतले कपडे घालून खाटेवर, सोफ्यावर बसायचं नाही. मागच्या दारी काढायचे, सरळ कढत पाण्यात टाकायचे आणि नंतर कडक उन्हात वाळवायचे. कपड्यावर बारीक बारीक पिल्लं एकदम चिकटलेली दिसली तर झटकत बसू नका, चिकटपट्टी दाबून उचला, पट्टी दुमडा की आत अडकली.

मग गरम पाण्याने आंघोळ, आणि आंघोळ करताना अंग तपासायचं. हे दोन मिनिटांचं काम आहे पण उजेडात करा. ज्या वयाची गोचीड माणसाला चावते ती गुरांच्या कानात दिसते तशी टपोरी नसते, मोहरीच्या दाण्याहूनही लहान असते, नुसती नजर टाकली तर तीळ किंवा मातीचा कण वाटेल, आणि चावलेलं दुखतही नाही. म्हणून बोटं फिरवून बघायचं. पँटची नाडी किंवा बेल्ट जिथे आवळतो ती कंबरेची पट्टी, गुडघ्याच्या मागची खोबण, जांघ, काखा, बेंबी, कानामागे, मानेवर केस सुरू होतात तिथे. बायकांनी परकराच्या नाडीखाली आणि ब्लाउजच्या कडेने. पाठ आपल्याला दिसत नाही, ती घरच्या माणसाला बघायला सांगायची.

चिकटलेली सापडली तर नखाने चिरडू नका, रॉकेल ओतू नका, काडीने चटका देऊ नका, जुन्या लोकांचे हे सगळे उपाय उलटे पडतात, चिरडलेल्या गोचिडीतलं द्रव्य जखमेत जाऊ शकतं. बारीक टोकाचा चिमटा घ्या, कातडीला लागून तोंडाजवळ पकडा, सरळ वर हळू ओढा, पिळायचं नाही. चिमटा नसेल तर बोटाला प्लास्टिक गुंडाळून काढा. जागा साबणाने धुवा, हात धुवा आणि कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा. चावल्यापासून साधारण 3 ते 8 दिवसांत ताप येतो, तरी दोन आठवडे लक्ष ठेवा. चावणारी प्रत्येक गोचीड व्हायरसवालीच असते असं नाही, तेव्हा एक सापडली म्हणून झोप उडवून घेऊ नका.

मेलेलं माकड दिसलं तर

हात लावायचा नाही, ओढून खड्ड्यात टाकायचं नाही, मोबाईलवर फोटो काढायला जवळ जायचं नाही. माकड मेलं की त्याचं अंग थंड पडतं आणि त्यावरच्या गोचिडी उतरून आजूबाजूला पसरतात, त्यातल्या बऱ्याच व्हायरस घेतलेल्या असू शकतात, म्हणजे त्या वेळी त्या झाडाखालची जागा बागेतली सगळ्यात वाईट जागा. लांबूनच जागा लक्षात ठेवा, वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला फोन करा, फोन उचलला नाही तर पोलीस पाटील नाहीतर सरपंचांना सांगा. ते लोक किट घालून येतात, सॅम्पल घेतात आणि भोवती 50 फुटांपर्यंत मॅलेथिऑन ही कीटकनाशक पावडर मारतात. तोपर्यंत त्या बाजूला माणसंही नकोत आणि गुरंही. माकड विजेच्या तारेला लागून मेलं असेल, कुत्र्यांनी मारलं असेल, ते ठरवणं आपलं काम नाही. माकडं मरणं ही माणसांच्या केसेसच्या आधी मिळणारी सूचना असते, ती वाया घालवू नका.

आणि वैताग कितीही असो, नारळ, केळी, काजू काहीच ठेवत नाहीत हे मलाही माहितेय, पण विष घालून माकडं मारायच्या फंदात पडू नका. कायद्याने गुन्हा तर आहेच, वर प्रत्येक मेलेलं माकड म्हणजे आपल्याच बागेत गोचिडींचा सडा.

ताप आला तर

हा ताप हळूहळू चढत नाही, एकदम येतो. कपाळ फुटेल असं डोकं दुखतं, कंबर-पिंढऱ्यांत असह्य दुखतं, डोळे लाल होतात, उलट्या, कधी जुलाब. काहींना नाकातून, हिरड्यांतून रक्त येतं. रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी. आता हे सगळं वाचून कोणीही डेंग्यूच म्हणेल, आणि तसंच होतं, डेंग्यू निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह, मग टायफॉइडचं औषध चालू आणि चार-पाच दिवस गेले. आपल्याकडे तापाचा अंदाज महिन्यावरून बराच बांधता येतो, भाताच्या चिखलात काम करून पावसाळ्यात आला तर आधी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) बघतात, तसं जानेवारी ते मे मध्ये बागेत जाऊन आल्यावर आला तर माकडताप बघायला हवा. पण डॉक्टरला कसं कळणार तुम्ही कुठे होतात? म्हणून दवाखान्यात तोंड उघडायचं. "डॉक्टर, मी गेल्या आठवड्यात दोडामार्गला काजूच्या बागेत होतो, तिथे माकडतापाच्या केसेस असतात, ती टेस्ट करायची का?" एवढं स्पष्ट बोला. पुण्या-मुंबईत तर बोलाच.

पहिल्या आठवड्यात रक्ताची आरटी-पीसीआर, म्हणजे व्हायरस शोधणारी टेस्ट, त्यानंतर उशीर झाला तर आयजीएम, म्हणजे शरीराने व्हायरसविरुद्ध बनवलेल्या अँटीबॉडीची टेस्ट. सॅम्पल सरकारी यंत्रणेतून ठरलेल्या लॅबला जातं, कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये ही टेस्ट होत नाही, तेव्हा आरोग्य केंद्र किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठलेलं बरं.

यावर थेट मारा करणारं औषध नाही. तरी दवाखान्यात जायचं, कारण पाणी, सलाईन, प्लेटलेटवर लक्ष आणि रक्तस्राव झाला तर लगेच उपचार यावरच माणूस वाचतो, आणि बहुतेक वाचतात. शंभरात साधारण तीन ते पाच दगावतात. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसात. अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधून ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन आणून खाऊ नका, दुखण्याचं इंजेक्शन मागू नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. रक्त येणं, काळी शी, लघवी कमी होणं, पेशंट गुंगीत जाणं किंवा असंबद्ध बोलणं, यातलं काही दिसलं तर आरोग्य केंद्रात थांबायचं नाही, मोठ्या हॉस्पिटलला हलवायचं, आपल्या भागातले बरेच जण गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला नेतात.

ताप उतरला, आठ-दहा दिवस बरं वाटलं, म्हणून माणूस परत बागेत. इथे घात होऊ शकतो, कारण शंभरात दहा-वीस जणांना एक-दोन आठवड्यांनी पुन्हा ताप उलटतो आणि या वेळी डोक्यावर जातो, भयंकर डोकेदुखी, मान ताठ, हात थरथरणं, भ्रम, नीट न दिसणं. असं झालं तर आधीचे कागद घेऊन त्याच दिवशी हॉस्पिटल. नुसता अशक्तपणा तर बऱ्याच जणांना काही महिने राहतो, घरच्यांनी त्याला आळशी म्हणू नये.

गुरांचं राहिलं. गुरांना माकडताप होत नाही पण मोठ्या गोचिडी त्यांच्यावरच पोसतात आणि रानातून गोठ्यात येतात. हंगामात जमलं तर रानात सोडू नका, आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातून पाठीवर ओतायचं गोचिडीचं औषध विचारून घ्या, प्रमाण जनावराच्या वजनावर असतं आणि दुभत्या जनावराचं दूध किती दिवस वापरायचं नाही तेही तिथेच विचारा. दुधातून माकडताप झाल्याचं नोंदलेलं नाही, पण दूध आपण उकळूनच पितो. बागेत सोबत येणारा कुत्रा असेल तर त्याचे कान आणि बोटांच्या फटी रोज बघा, तो रात्री झोपतो कुठे तेही बघा.