बेटावरच्या किनाऱ्यावर व्यायाम कसा करावा

उष्ण कटिबंधातल्या एखाद्या बेटावर आठ-दहा दिवस राहणार असाल, तर व्यायामाचं वेळापत्रक घरून ठरवून नेऊ नका. तिथे वेळ समुद्र ठरवतो.

पोहोचल्यावर आधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. ओहोटीला उघडी पडणारी ओली, घट्ट वाळू हीच तुमची धावपट्टी. बहुतेक किनाऱ्यांवर ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी सहाला असलेली ओहोटी चार दिवसांनी नऊच्या पुढे जाते आणि तोवर ऊन चढलेलं असतं. अशा दिवशी धावू नका, पाण्यात व्यायाम करा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीला पाणी खूप मागे जातं आणि पट्टा छान रुंद मिळतो. भरतीला मात्र तेच पाणी बरंच वर येतं, तेव्हा परतीची वाट आधी बघून ठेवा.

वाळूची परीक्षा पायानेच करायची. ओल्या वाळूवर पाऊल दाबलं की कधी कधी भोवतीची वाळू क्षणभर कोरडी, फिकट दिसते. दाबामुळे कण एकमेकांपासून सरकतात, मधली जागा वाढते आणि वरचं पाणी आत ओढलं जातं. ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ मध्ये याचं कारण मांडलं होतं. अशी फिकट कडा दिसली की पट्टा घट्ट आहे, खुशाल धावा. टाच रुतत असेल तर तिथे फक्त चाला.

मऊ वाळूला कमी लेखू नका. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वाळूत चालायला कडक जमिनीपेक्षा २.१ ते २.७ पट आणि धावायला सुमारे १.६ पट ऊर्जा लागते असं दिसलं. म्हणून किलोमीटर मोजू नका, मिनिटं मोजा. पहिले तीन दिवस वीस मिनिटं चालणं पुरे. मी पहिल्याच सकाळी मऊ वाळूत चाळीस मिनिटं धावले होते. तेव्हा काहीच जाणवलं नाही. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पोटऱ्या इतक्या आखडल्या की पुढचे चार दिवस वाया गेले. किनारा पाण्याकडे उतरता असतो, त्यामुळे जितकं जाल तितकंच त्याच पट्ट्यावरून परत या. दोन्ही पायांवर भार सारखा पडतो.

दम हवा असेल तर चढ शोधा. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरचं सुवर्ण जिंकणारा हर्ब एलियट ऑस्ट्रेलियात पोर्टसीच्या वाळूच्या टेकड्या धावत चढायचा. सुरुवातीला दहा-पंधरा पावलांचे चार-पाच चढ बस्स. झाडझुडूप असलेल्या टेकडीवर मात्र चढू नका. तिथली वाळू त्या मुळांनीच धरून ठेवलेली असते.

दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही. अशा हवेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून सुरुवातीला नेहमीच्या निम्माच जोर लावा. गरगरलं, मळमळलं तर तिथेच थांबा, सावली गाठा. सावली म्हणून नारळाखाली मात्र बसू नका.

पाण्यातला व्यायाम मला सगळ्यात जास्त आवडतो. कमरेएवढ्या पाण्यात पायांवर शरीराचं जवळपास निम्मंच वजन येतं, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही गुडघे उचलत चालता येतं. वाळूत दबून बसलेले पाकट मासे दूर जावेत म्हणून पाय घासत पुढे जा. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मध्येच पाणी शांत दिसतंय, अशा जागी उतरू नका. तिथे आत ओढणारा प्रवाह असू शकतो. सापडलात तर त्याच्याशी झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडा.

सनस्क्रीन दर दोन तासांनी लावा. घेताना त्यातले घटक वाचा: प्रवाळाला घातक म्हणून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेल्या सनस्क्रीनवर पलाऊ या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशाने २०२० पासून, तर हवाईने २०२१ पासून निर्बंध घातले आहेत. लांब बाह्यांचा पातळ सदरा घातलात तर सनस्क्रीन कमीच लागेल.

परतल्यावर पाय गोड्या पाण्याने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा आणि तळवे नीट बघा. प्रवाळाने कापलं असेल तर जखम साबणाने घासून धुवा, आत अडकलेले बारीक कण काढा आणि ती भरेपर्यंत समुद्रात उतरू नका.