डेअरीवर एक्सई पाठवायच्या आधी

पायथॉनमध्ये लिहिलेला प्रोग्राम पायइन्स्टॉलरने बांधून (म्हणजे पायथॉन नसलेल्या संगणकावरही चालेल असा एक्सई करून) दुसऱ्याच्या विंडोजवर पाठवणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. माझा प्रोग्राम दूध संकलनाचा. खातेदाराचा नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅटशिवायचे घन घटक) टाकलं की दरपत्रकातून दर काढायचा आणि पावती छापायची. माझ्याकडे तीन आठवडे नीट चालला. डेअरीवर पहिल्याच सकाळी साडेपाचला उघडलाच नाही. बाहेर किटल्या घेऊन माणसं उभी, सचिव फोनवर, आणि मी दीडशे किलोमीटर लांब. त्या सकाळचं सगळं दूध वहीत लिहून घ्यावं लागलं आणि दुपारी कुणाला तरी बसून ते पुन्हा भरावं लागलं. ती वेळ दुसऱ्यावर येऊ नये म्हणून ही तयारी.

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (या प्रोग्रामपुरत्या लायब्रऱ्यांची वेगळी जागा) कोरं घ्या आणि लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या लिहून ठेवा. यावर जास्त बोलत नाही. विंडोजचा एक्सई विंडोजवरच बांधावा लागतो. लिनक्सवर बसून पायइन्स्टॉलर तो देत नाही.

समोरचा संगणक कोणता आहे ते विचारा, अंदाज करू नका. "विंडोज कोणतं?" असं विचारलंत तर "साधंच आहे" असं उत्तर येईल. माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक, मग प्रॉपर्टीज, आणि त्या खिडकीचा फोटो मागवा. त्यात विंडोजची आवृत्तीही कळते आणि ३२ बिट की ६४ बिट तेही. गावाकडे विंडोज ७ अजून भेटतं, आणि विंडोज ७ वर चालणारं शेवटचं पायथॉन ३.८ आहे. ३.९ ने बांधलेलं तिथे उघडणार नाही. ३२ बिटच्या मशीनसाठी ३२ बिटचंच पायथॉन घेऊन बांधा, कारण ज्या पायथॉनने बांधाल तेच आत जातं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. फाइल उघडाल तिथे, प्रत्येक ठिकाणी, एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये मांडायची पद्धत, युटीएफ-८ असं स्पष्ट लिहा. प्रत्येक ठिकाणी. "माझ्याकडे चालतंय" म्हणून सोडू नका, माझ्याकडेही चालत होतं.

झालं असं. एन्कोडिंग न सांगता फाइल उघडली की पायथॉन विंडोजचं ठरलेलं कोडपेज, म्हणजे कोणत्या बाइटला कोणतं अक्षर हा तक्ता, घेतं. आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर ते साधारण १२५२ असतं. त्यात एका बाइटला एक अक्षर. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, म्हणजे १२५२ ला ती तीन वेगवेगळी अक्षरं वाटतात. नुसता कचरा दिसला असता तर एक वेळ ठीक होतं, पण १२५२ मध्ये पाच जागा रिकाम्या आहेत (हेक्साडेसिमल आकड्यांत): ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. आपल्या हलंताचे बाइट ई०, ए५, ८डी. शेवटचा बाइट बरोबर रिकाम्या जागेवर पडतो आणि पायथॉन तिथेच थांबतं. ऱ्हस्व उकाराचा शेवट ८१ ने होतो, 'ए'चा ८एफ ने, 'झ'चा ९डी ने. म्हणून दरपत्रकातला 'गाय' हा शब्द वाचला जातो, वाकडातिकडा का होईना, आणि 'म्हैस' आली की प्रोग्राम पडतो. दरपत्रक मी सुरुवातीलाच वाचत होतो, त्यामुळे खिडकी उघडायच्या आधीच सगळं संपलं. सचिवांनी पाठवलेल्या स्क्रीनच्या फोटोत शेवटच्या ओळीत ८डी दिसत होतं, आणि ते कुठून आलं हे समजायला मला सकाळचे नऊ वाजले.

मग माझ्याकडे का चाललं? कन्सोलवर मराठी नीट दिसावं म्हणून मी कधीतरी कंट्रोल पॅनेलमध्ये रीजन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह, चेंज सिस्टिम लोकेल इथे जाऊन युटीएफ-८ च्या बीटा पर्यायावर खूण केली होती. ती असली की विंडोजचं कोडपेजच युटीएफ-८ होतं आणि चूक झाकली जाते. मराठीत काम करणाऱ्या बऱ्याच जणांनी ती केलेली असते. मी दुसऱ्या लॅपटॉपवरही एक्सई चालवून पाहिला होता, पण तोही मीच लावलेला, तिथेही खूण होतीच. तर आज, हे वाचून झाल्यावर लगेच, ती खूण काढा, मशीन रीस्टार्ट करा आणि मग एक्सई चालवा.

नजरेने शोधून सगळ्या जागा सापडत नाहीत. पायथॉन ३.१० पासून 'वॉर्न डिफॉल्ट एन्कोडिंग' नावाचा एक्स-पर्याय आहे. तो लावून प्रोग्राम चालवला की एन्कोडिंग न सांगता उघडलेल्या प्रत्येक फाइलची तक्रार ओळ क्रमांकासकट मिळते. ३.८ मध्ये तो नाही, म्हणून बांधायला ३.८ असलं तरी ही तपासणी नव्या पायथॉनवर करा. पाथलिबचं रीड टेक्स्ट, कॉन्फिगची फाइल, सबप्रोसेसचा मजकूर, सगळीकडे तोच प्रश्न आहे. लॉगचा तर जास्तच: कन्सोल नसलेल्या, नुसत्या खिडकीच्या एक्सईत लॉगमध्ये मराठी ओळ लिहिता आली नाही तर ती मुकाट्याने गळते आणि अडचणीच्या दिवशी लॉग रिकामा सापडतो. लॉगलाही युटीएफ-८ सांगा. ३.१५ पासून युटीएफ-८ हेच मूळ धरायचं ठरलं आहे, पण विंडोज ७ ला त्याचा काही उपयोग नाही.

दरपत्रक डेअरीवाले एक्सेलमध्ये बदलणार हे धरून चाला. साधं सीएसव्ही म्हणून सेव्ह केलं तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं बसतात आणि ती परत येत नाहीत. 'सीएसव्ही युटीएफ-८' निवडलं तर मराठी टिकतं, पण फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटची एक अदृश्य खूण बसते आणि पहिल्या रकान्याचं नाव प्रोग्रामला सापडत नाही. वाचताना युटीएफ-८-सिग लिहा, खूण असो वा नसो, दोन्ही चालतं. आणि कोणता पर्याय निवडायचा हे सचिवांना समोर बसून एकदा करून दाखवा. फोनवर सांगून ते होत नाही.

फाइली कुठे राहतात. एकाच एक्सईत सगळं बांधलं की तो दर वेळी सुरू होताना टेम्पमध्ये एमईआय ने सुरू होणाऱ्या नावाच्या फोल्डरात उलगडतो आणि बंद झाला की ते फोल्डर पुसतो. दरपत्रकाची मूळ प्रत, फॉन्ट, आयकॉन ॲड-डेटाने आत घाला आणि पायथॉनच्या सिस मॉड्यूलमधल्या एमईआयपासवरून (त्यात या फोल्डरचा पत्ता असतो) शोधा. पण डेटाबेस तिथे कधीही ठेवू नका. सकाळच्या नोंदी संध्याकाळी नसतील, आणि ते कुणाच्या तरी दुधाचे पैसे आहेत. प्रोग्राम फाइल्समध्येही नको, साध्या खात्याला तिथे लिहिता येत नाही. लोकल ॲपडेटात स्वतःचं फोल्डर करा. चालू फोल्डरवर विसंबू नका. शॉर्टकटवरून उघडलं तर ते एक असतं, टास्क शेड्युलरमधून उघडलं तर सिस्टिम३२ असतं.

मी आता एक एक्सई न करता फोल्डरच देतो. उघडायला वेळ कमी लागतो आणि अँटिव्हायरस कमी वेळा अडवतो. पायइन्स्टॉलर ६ पासून बाकीच्या फाइली इंटर्नल नावाच्या उपफोल्डरात जातात. फोल्डर झिप करून पाठवलंत तर लोक झिपच्या आतूनच डबल क्लिक करतात. तेव्हा विंडोज नुसता एक्सई बाहेर काढतं, इंटर्नल मागे राहतं आणि काही उघडत नाही. इनो सेटअपने इन्स्टॉलर करा, प्रश्न मिटतो. एक्सईचं आणि फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा.

कोडमध्ये सरळ इम्पोर्ट न लिहिता चालताना नावाने बोलावलेली मॉड्यूल्स पायइन्स्टॉलरला दिसत नाहीत, ती हिडन इम्पोर्टने सांगा. पहिल्यांदा कन्सोलसकट बांधा, चूक तिथे वाचता येते. नंतर कन्सोल काढा. यूपीएक्स (एक्सई दाबून लहान करणारं साधन) लावू नका.

चाचणी. आपल्या हाताखालून न गेलेलं मशीन मिळालं तर उत्तम. नाहीतर विंडोज १० किंवा ११ प्रो मधला सँडबॉक्स (विंडोजच्या आत उघडणारं तात्पुरतं विंडोज), तो दर वेळी कोरा उघडतो. तिथेही रीजनमध्ये जाऊन युटीएफ-८ ची खूण नाही ना हे डोळ्यांनी बघा. देवनागरी नावाचं एक युजर खातं करा आणि त्यातून चालवा, कारण तेव्हा टेम्पचा पत्ताच मराठी होतो. नेट बंद करून चालवा. चाचणीची नावं 'टेस्ट', 'एबीसी' अशी देऊ नका, जोडाक्षरं, उकार, 'झ' असलेली खरी नावं टाका. माझ्या चाचणीच्या यादीत सगळे खातेदार इंग्रजीत होते.

छपाई: स्वस्त थर्मल प्रिंटरला मराठी मजकूर पाठवला तर जोडाक्षरं तुटतात, पावती चित्र करून पाठवा. फॉन्ट सोबत द्या. नव्या विंडोजमधला मराठीचा निर्मला फॉन्ट विंडोज ७ वर नाही.

स्मार्टस्क्रीन, म्हणजे अनोळखी प्रोग्राम अडवणारी विंडोजची सोय, निळी खिडकी दाखवेल. 'मोअर इन्फो' आणि मग 'रन एनीवे' याचे फोटो आधीच पाठवून ठेवा. अँटिव्हायरसचं आदल्या दिवशी बघा. आवृत्तीचा नंबर खिडकीवर दिसू द्या.

पहिला दिवस सकाळचा धरू नका, संध्याकाळच्या संकलनाला सुरू करा. वही शेजारी असू द्या. आणि पाठवण्याआधी कोडमध्ये 'ओपन' शोधा, एकेक बघा, एन्कोडिंग लिहिलं आहे का. तिथे पोचल्यावर पहिली पावती म्हशीच्या दुधाची काढा.