जुनं स्विस ऑटोमॅटिक घड्याळ ओळखायला नेताना

घड्याळाचं साल काढायचं असेल तर मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूचा फोटो काढायचा. बाकी सगळं त्यानंतर. मागच्या वेळी मशीनचे ढीगभर फोटो घरी आले आणि झाकणाचा एकही नाही. तेवढ्यासाठी घड्याळ पुन्हा उघडावं लागलं, आणि साठ-सत्तर वर्षांच्या घड्याळाचं झाकण जितक्या कमी वेळा उघडेल तितकं बरं.

घरून निघताना फोन, भिंग, मऊ फडकं, वही. जुनी डबी किंवा पावती कुणी जपून ठेवली असेल तर तीही घ्या. पट्टा घरीच काढा. रोलेक्स असेल तर हे चुकवूच नका, कारण त्या घड्याळांचे जुने नंबर केसवर, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या खोळीवर, पट्टा अडकतो त्या दोन कानांच्या मध्ये कोरलेले असतात: बाराच्या बाजूला मॉडेलचा, सहाच्या बाजूला अनुक्रमांक. पट्टा असताना त्यातलं काही दिसत नाही.

मुळात घड्याळ ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं, आहे का, हेही बघून घ्या. आपल्याकडच्या कपाटांतून निघणारी फेवर-ल्युबा या स्विस कंपनीची सी-चीफ, सी-किंग ही बहुतेक चावीचीच असतात. घड्याळ तळहातावर आडवं धरून हळू हलवा. पूर्ण फिरणारा रोटर (चावी भरणारं आतलं वजन) असेल तर आत काहीतरी सरकत गोल गेल्यासारखं जाणवतं. पण हाताला टक्, टक् असा बारीक धक्का लागला तर आतलं वजन पूर्ण फिरत नाहीये. दोन्ही टोकांच्या स्प्रिंगांवर आपटून ते परत येतंय. अशा मशीनला बंपर म्हणतात. ओमेगाने बंपर १९४३ पासून काढले, आणि १९५५ च्या सुमारास पूर्ण फिरणारा रोटर आणला. म्हणजे झाकण न उघडताच दशक हाती लागतं. मात्र झटकू नका, आतलं तेल कधीच सुकलेलं असतं.

मग डायल. सहाच्या खाली ‘स्विस मेड’च्या दोन्ही बाजूंना इंग्रजी टी दिसला तर काट्यांवर अंधारात चमकणारा ट्रिटियमचा रंग आहे, म्हणजे डायल १९६० नंतरची. टी नाही, आणि काट्यांवरचा रंग तपकिरी, जळल्यासारखा झालाय, तर किरणोत्सारी रेडियम धरून चला. तो रंग अंधारात चमकत नसला तरी निरुपद्रवी झालेला नसतो. चमक देणारं रसायन संपतं, रेडियम शेकडो वर्षं राहतं. नखाने खरवडू नका, काच काढून फुंकर मारू नका, लहान मुलांच्या हाती देऊ नका. आणि डायल अगदी नवीकोरी, रंग भडक, कंपनीच्या नावाच्या कडा जाडसर, ‘स्विस मेड’ गायब किंवा वाकडं, तर ती पुन्हा रंगवलेली आहे. मुंबईच्या चोर बाजारात अशी घड्याळं ढिगाने मिळतात. रंगवलेल्या डायलवरून साल ठरवायचं नाही.

आता उघडणं. स्वतः उघडू नका. दाबून बसवलेल्या झाकणाला सुरी लावली की ओरखडा कायमचा राहतो, आणि स्क्रूच्या झाकणाला योग्य चावी लागते. कारागिराला आधीच सांगा, “काका, उघडल्यावर जरा थांबा, फोटो काढायचेत.” ते मशीनकडे बघत बसतात आणि झाकण पालथं करून ट्रेमध्ये टाकतात. तिथेच ते विसरलं जातं. झाकण हातात मागून घ्या आणि आधी त्याचाच फोटो काढा, मशीनचा नंतर. फ्लॅश बंद ठेवा. उजेड बाजूने, तिरका पडू द्या. समोरून पडला तर कोरलेले आकडे पांढरे होऊन पुसले जातात.

एवढा आग्रह का, तर ओमेगाचं उदाहरण घ्या. मशीनवरचा सात-आठ आकडी अनुक्रमांक फक्त मशीनचं वय सांगतो: १ कोटी २० लाखांच्या आसपास म्हणजे साधारण १९५०, दीड कोटी म्हणजे १९५६, दोन कोटी म्हणजे १९६३, एखाद-दोन वर्षं इकडेतिकडे. केस कोणती, हे झाकणाच्या आतला नंबर सांगतो. पन्नाशीच्या दशकात तो चार आकडी असे, उदाहरणार्थ २८४६. साठीच्या दशकात सहा आकडी पद्धत आली: १६५ ने सुरू होणारा नंबर म्हणजे वॉटरप्रूफ केस, ऑटोमॅटिक, तारीख नाही, १६६ म्हणजे तारखेसह. समजा २८४६ च्या झाकणाखाली ५६५ नंबरचं मशीन निघालं. ते मशीन १९६६ च्या सुमाराचं, केस त्याआधीची. म्हणजे दोन घड्याळांचं एक केलंय. मशीनचे कितीही सुंदर फोटो असले तरी झाकणाशिवाय हे कळत नाही.

शिवाय झाकणाच्या आत, भिंगातूनच दिसतील अशा, सुईने ओरखडलेल्या खुणा असतात: एखादी सही, तारीख, महिना. आधीच्या कारागिरांनी सर्व्हिसिंग करताना केलेल्या. आजोबांनी घड्याळ कधी दुरुस्तीला दिलं होतं ते तिथे लिहिलेलं सापडू शकतं, आणि घरात दुसरीकडे कुठेच नसतं. झाकण पॉलिश करायला निघाले तर आतल्या बाजूला हात लावू देऊ नका.

सोन्याची केस असेल तर शिक्काही आतच. १९९५ पर्यंतच्या स्विस केसवर हेल्वेशियाचं (स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेल्या स्त्रीचं) डोकं म्हणजे १८ कॅरेट, खार म्हणजे १४. ‘२० मायक्रॉन्स’ लिहिलं असेल तर नुसता मुलामा.

मशीनवर कंपनीचं नाव असलं तरी मशीन तिचं असेलच असं नाही. बॅलन्स व्हीलच्या, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या चाकाच्या, खाली तिरका उजेड टाका. ईटीए, एएस, फेल्सा अशा मशीन बनवणाऱ्या कंपन्यांपैकी एखादीची खूण आणि शेजारी कॅलिबरचा, म्हणजे मशीनच्या मॉडेलचा, नंबर दिसेल. तोही टिपा. रोटर आड येत असेल तर हलकेच सरकवायला सांगा.

झाकण लावण्याआधी फोटो मोठा करून नंबर वाचा, वहीत लिहा. अस्पष्ट असेल तर पुन्हा काढा. झाकणाचा.

घरी आल्यावर नंबरावरून साल सांगणारे तक्ते बघा. लाँजीन्स असेल तर कंपनीकडे जुन्या नोंदी आहेत, नंबर पाठवून विचारा. सर्व्हिसिंग होईपर्यंत घालू नका. मागे ‘वॉटरप्रूफ’ कोरलेलं असलं तरी पाण्याजवळ नेऊ नका, आतलं रबर कधीच कडक झालेलं असतं.