घरच्या सिस्टिमवर हाय-रेझ गाणी ऐकायचीत? मग फोन फक्त रिमोट ठेवा

गोव्यात फोंडा, म्हापसा, मडगाव, सगळीकडे फायबर आलंय, घरात बरा ॲम्प्लिफायर आणि स्पीकर बाळगणारे लोकही कमी नाहीत, तरी बहुतेक घरी गाणं अजून फोनवरून ब्लूटूथनेच जातं आणि वर तक्रार की लॉसलेसचे (दाबताना काही न गाळलेल्या आवाजाचे) पैसे भरतोय पण फरक काही कळत नाही. कळणार कसा? साध्या एसबीसी ब्लूटूथला जेमतेम ३२८ केबीपीएस (सेकंदाला इतके किलोबिट) मिळतात, एलडॅक हा ब्लूटूथचा वरचा प्रकार अगदी ताणला तरी ९९०. सीडीचा मूळ आकडा १४११, २४ बिट ९६ किलोहर्ट्झचा ४६०८ आणि २४/१९२ चा (म्हणजे २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ) ९२१६, सीडीच्या वरच्या या दोन्हींना हाय-रेझ म्हणतात. फ्लॅकमध्ये (लॉसलेस फाइलचा एक प्रकार) दाबल्यावर हे बरेच खाली येतात, पण हाय-रेझ तरीही ब्लूटूथमध्ये मावत नाही.

तेव्हा पहिला नियम हा की गाणं फोनमधून जाता कामा नये. नेटवर्क प्लेयरने (इंटरनेटवरून गाणं घेऊन ॲम्प्लिफायरला देणारा डबा) ते थेट सर्व्हिसच्या सर्व्हरवरून ओढायचं, फोनने फक्त "हे लाव, ते थांबव" एवढंच सांगायचं. तुमच्याकडे सध्या काय होतंय ते बघायला सोपी टेस्ट आहे, गाणं सुरू करा आणि फोन सरळ एअरप्लेन मोडवर टाका (वायफाय, ब्लूटूथही बंद झालंय ना ते बघा). वाजत राहिलं तर प्लेयर स्वतः ओढतोय. थोड्या वेळाने गप्प झालं तर सगळा माल फोनमधून चाललाय.

आता सर्व्हिस. परदेशी व्हिडिओ बघून टायडल किंवा कोबझ या स्ट्रीमिंग सर्व्हिससाठी म्हणून प्लेयर घेऊ नका, दोन्ही भारतात अधिकृतपणे मिळत नाहीत. आपल्याकडे घरटी एक माणूस लंडनला नाहीतर बोटीवर, त्यामुळे त्याच्या कार्डावर खातं काढून चालवणारे आहेत, पण ते अटींत बसत नाही आणि कधी बंद पडेल नेम नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर मशीन निवडण्यात अर्थ नाही. ॲपल म्युझिक २०२१ पासून लॉसलेस देतंय, २४/१९२ पर्यंत, भारतातसुद्धा आणि जादा पैसे न घेता. स्पॉटिफायने सप्टेंबर २०२५ मध्ये लॉसलेस आणलं, ते २४/४४.१ पर्यंत जातं, आपल्याकडे त्यासाठी वरचा प्लॅन घ्यावा लागतो. विकत घेऊन फाइल ठेवायची असेल तर बँडकॅम्पवर फ्लॅक मिळतं, कलाकाराने २४ बिटमध्ये चढवलं असेल तर तसंच मिळतं.

मेख अशी की ॲपल म्युझिकचा कॅटलॉग मोठा असला तरी बऱ्याच नेटवर्क प्लेयरमध्ये ते आतून चालतच नाही. मग लोक एअरप्लेने (ॲपलची वायफायवरून आवाज पाठवायची सोय) पाठवतात आणि तिथे हाय-रेझ संपलं. ॲपलच हवं असेल तर तीन रस्ते. एक म्हणजे अँड्रॉइडवर चालणारा प्लेयर, एव्हरसोलो किंवा फिओ आर-७ सारखा, त्यात ॲपच टाकता येतं. दुसरा, आयफोन किंवा मॅकला यूएसबी डॅक (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग आवाज करणारा डबा) लावून ॲम्प्लिफायरला जोडायचा, हा स्वस्तात होतो पण फोन तिथे बांधून ठेवावा लागतो. तिसरा ॲपल टीव्ही ४के, तो लॉसलेस देतो पण ४८ किलोहर्ट्झवर. माझं मत विचाराल तर ४८ ला नाक मुरडायची गरज नाही.

स्पॉटिफायचं उलट आहे. स्पॉटिफाय कनेक्ट बहुतेक सगळ्या प्लेयरमध्ये असतं आणि त्यात प्लेयरच गाणं ओढतो, म्हणजे आपल्याला हवं तेच, पण लॉसलेस प्रत्येक प्लेयरवर येत नाही, फर्मवेअर अपडेट करून बघावं लागतं आणि ॲपमध्ये लॉसलेस लिहून आलं तरच आलं समजायचं.

मशीन कुठलं? सुरुवात करणाऱ्याला वीम प्रो सारखा छोटा डबा पुरे. त्याला लॅनचं पोर्ट आहे, ऑप्टिकल आणि कोॲक्स ही दोन्ही डिजिटल आउट आहेत. वीम मिनी स्वस्त आहे पण त्यात लॅन नाही, नुसतं वायफाय, आणि गोव्यातल्या घरात हा मुद्दा लहान नाही, त्यावर खाली येतो. जास्त खर्चायची तयारी असेल तर ब्लूसाउंड नोड. हाताने करायची हौस असेल तर रास्पबेरी पाय ४ (छोटासा कॉम्प्युटर) घ्या, यूएसबी डॅक लावा आणि त्यावर मूड ऑडिओ किंवा व्होल्युमिओ हे प्लेयरचं सॉफ्टवेअर टाका. मूड फुकट आहे, हार्ड डिस्कवरची गाणी आणि इंटरनेट रेडिओ दोन्हीला उत्तम. हाच पाय यूपीएनपी रेंडररही (घरच्या नेटवर्कवरून सांगितलेलं गाणं वाजवणारा) होतो, मग अँड्रॉइडवर बबलयूपीएनपी आणि आयफोनवर एमकनेक्ट टाकून चालवता येतो. एक लक्षात ठेवा, बबलमध्ये प्लेलिस्ट फोन सांभाळत असेल तर फोन झोपला की पुढचं गाणं लागत नाही, तेव्हा त्या ॲपला बॅटरी सेव्हिंगमधून वगळा.

पैसे भरण्याआधी सगळी वाट तपासायची असेल तर रेडिओ पॅरडाइज लावा, त्यांचा फ्लॅक स्ट्रीम फुकट आहे, सीडी क्वालिटीचा, आणि वीम, ब्लूसाउंडमध्ये आधीपासून असतो. तो तास-दोन तास न अडखळता वाजला तर नेटवर्क ठीक आहे म्हणायचं.

खरं काम नेटवर्कचं

लोक डॅकवर हजारो घालवतात आणि राउटर मात्र कनेक्शनवाल्याने जिथे भिंतीला खिळा मारला तिथेच. स्पीड हा प्रश्नच नसतो, २४/१९२ चं फ्लॅक साधारण ५-६ एमबीपीएस घेतं, तासाला दोन-अडीच जीबी. पन्नासचा प्लॅन असला तरी रग्गड. प्रश्न असतो तो भिंतीचा. चिऱ्याची जुनी भिंत, त्यातही दीड-दोन फुटी, तिच्यापुढे ५ गिगाहर्ट्झ वायफाय गुडघे टेकतं. २.४ पलीकडे पोचतं पण शेजाऱ्यांच्या राउटरशी, मायक्रोवेव्हशी भांडत पोचतं. राउटर बाल्कांवच्या (पुढच्या व्हरांड्याच्या) बाजूला आणि सिस्टिम आतल्या खोलीत असेल तर मेश, एक्स्टेंडर असले वायफाय वाढवायचे नाद करण्यापेक्षा सरळ लॅन केबल ओढा. कॅट ५ई किंवा कॅट ६, शुद्ध तांब्याची. दुकानात स्वस्तातली म्हणून ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल माथी मारतात, बॉक्सवर सीसीए लिहिलेलं दिसलं की परत द्या. आणि ऑडिओफाइल लॅन केबल नावाचा जो महागडा प्रकार आहे त्याच्या वाटेला जाऊ नका. डेटा तुकड्या-तुकड्यांनी येतो, तुकडा बिघडला तर प्लेयर परत मागवून घेतो आणि बफरमध्ये साठवून मग वाजवतो. खात्री करायची तर गाणं चालू असताना केबल उपटा, तरी काही सेकंद वाजत राहील. केबलच्या किमतीने त्यात काय फरक पडणार?

दुसरी भानगड म्हणजे "प्लेयर दिसतच नाही". फायबरवाल्याचा डबा एक, त्याच्यामागे आपण घेतलेला चांगला राउटर दुसरा, दोघेही आपापलं वायफाय सोडतात आणि आपापले आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) वाटतात. फोन एकाच्या वायफायवर, प्लेयर दुसऱ्याच्या केबलवर. फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये आयपी बघा, फोनचा १९२.१६८.१ ने सुरू होतोय आणि प्लेयरचा १९२.१६८.० ने, तर हे दोघे एकाच घरात राहून एकमेकांना भेटणार नाहीत. उपाय सोपा, आपल्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका म्हणजे आयपी वाटायचं काम एकच डबा करेल. तरी दिसत नसेल तर बघा की फोन गेस्ट वायफायवर तर नाही ना (तिथे उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाहीत), व्हीपीएन चालू राहिलाय का, आणि आयफोन असेल तर प्रायव्हसीमध्ये लोकल नेटवर्कची परवानगी त्या ॲपला दिलीय का. ही परवानगी पहिल्यांदा विचारली जाते तेव्हा आपण न वाचता नको म्हणतो.

सेटिंग

ॲपल म्युझिकमध्ये ऑडिओ क्वालिटीत जाऊन लॉसलेस चालू करावं लागतं आणि वायफाय स्ट्रीमिंगला हाय-रिझोल्यूशन लॉसलेस निवडावं लागतं, आपोआप होत नाही. स्पॉटिफायला प्रत्येक उपकरणावर वेगळं. साउंड चेक, नॉर्मलायझेशन (सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणारी सोय) वगैरे बंद करा. वीममध्ये डिजिटल आउटचं रिझोल्यूशन २४/१९२ वर न्या, आणि आवाज ॲम्प्लिफायरवरूनच कमी-जास्त करणार असाल तर फिक्स्ड व्हॉल्यूम (प्लेयरचा आवाज कायम पूर्ण) करा, फक्त ते करण्याआधी ॲम्प्लिफायरची नॉब खाली घ्या नाहीतर पहिल्याच सुराला घर जागं होईल. १९२ ला ऑप्टिकल केबल कधी कधी तुटक वाजते, तसं झालं तर कोॲक्स लावा.

मग डॅकच्या डिस्प्लेकडे बघा, तो खोटं बोलत नाही. सीडी क्वालिटीचं गाणं लावलं तर ४४.१ दिसायला हवं, ९६ चं लावलं तर ९६. काहीही लावा, आकडा ४८ वरच अडकून बसला असेल तर मध्ये कोणीतरी सगळं ४८ करून पुढे ढकलतंय. अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडला की हे बऱ्याचदा होतं. मॅकवर ऑडिओ मिडी सेटअपमध्ये जाऊन आकडा हाताने बदलावा लागतो, गाणं बदललं म्हणून तो बदलत नाही.

आणि आकड्यांच्या मागे किती लागायचं तेही बघा. केसरबाई केरकरांचं गाणं लावलंत (केरी आपल्याच फोंडा तालुक्यातली), तर त्यातलं बरंच ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून आलंय, तीन-साडेतीन मिनिटांत मावलेलं. ते २४/१९२ मध्ये दिलं म्हणून तबकडीत जे नव्हतं ते येणार नाही, तबकडी कोणी किती निगुतीने उतरवली, खरखर पुसताना आवाजाचा जीव काढला की ठेवला, त्यावर सगळं. अलीकडचं नीट रेकॉर्ड केलेलं गाणं मात्र २४ बिटमध्ये जरूर ऐका. आणि घरात खाली टाइल, वर उंच छप्पर, खिडक्यांना पडदे नाहीत अशी अवस्था असेल तर आधी जाड जाजम घाला, प्लेयरमधला रूम करेक्शन (खोलीप्रमाणे आवाज सुधारायची सोय) वापरून बघा. त्याने गाणं बिट-परफेक्ट, म्हणजे मूळ डेटा जसाच्या तसा, राहत नाही हे कबूल, पण बास घुमायचा थांबतो आणि तो फरक घरच्यांनाही न सांगता कळतो.

राहिला पावसाळा. लाइट लुकलुकली की प्लेयर पटकन उठतो, राउटर सावकाश, तोवर प्लेयर आयपी न मिळाल्याने रुसून बसलेला असतो. राउटर आणि फायबरचा डबा दोन्हींना १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा (आधी अडॅप्टरवर व्होल्टेज वाचून घ्या) आणि राउटरमध्ये प्लेयरचा आयपी कायमचा राखून ठेवा. मेच्या अखेरीस गडगडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा आणि लॅनची केबलही काढायची, कारण वीज त्या वाटेनेही आत येते. बाकी चार महिने सिस्टिम रोज थोडा वेळ चालू ठेवा, उबेने दमट हवा आत बसत नाही.