नव्या देशात रग्बी लीग रुजवताय? या चुका टाळा

रग्बी म्हटलं की आपल्याकडे पंधरा किंवा सात जणांचा खेळ आठवतो. रग्बी लीग तेरा जणांचा. कामगार खेळाडूंना बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी, या मागणीवरून १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमधले क्लब वेगळे झाले, तिथून त्याची सुरुवात. पापुआ न्यू गिनीत आज तो राष्ट्रीय खेळ मानला जातो. बाकी अनेक देशांत मात्र संघ उभा राहतो, एखादी स्पर्धा खेळतो आणि विरून जातो. कारणं बहुतेक ठिकाणी सारखीच असतात.

आधी राष्ट्रीय संघ, मग क्लब

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. आजी-आजोबांपैकी कुणी एक त्या देशात जन्मलेलं असलं, तरी खेळाडूला त्या देशाकडून खेळता येतं. त्यामुळे मायदेशात एकही क्लब नसताना सिडनीत बसून राष्ट्रीय संघ जमवता येतो. २००० च्या विश्वचषकातला लेबनॉनचा संघ बहुतांशी ऑस्ट्रेलियात वाढलेल्या मुलांचा होता.

या मुलांना दोष देणं मला पटत नाही. आजोबांच्या गावाची ओढ खरी असते आणि तिच्यात ताकदही असते. २०१७ मध्ये जेसन टाउमालोलो या नामवंत खेळाडूने न्यूझीलंडऐवजी पॅसिफिकमधल्या टोंगा या बेटांच्या देशाची निवड केली. टोंगाने न्यूझीलंडला २८-२२ असं हरवलं आणि २०१९ मध्ये थेट ऑस्ट्रेलियाला नमवलं. पण टोंगामागे घराघरांत रग्बी जाणणारा समाज होता. तो नसेल, तर स्पर्धा संपल्यावर खेळाडू आपापल्या क्लबात परततात आणि मायदेशात चेंडू हातात घेणारं कुणी उरत नाही.

उपाय पापुआ न्यू गिनीकडे बघून शिकावा. घरच्या खेळाडूंचा 'हंटर्स' संघ २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या स्पर्धेत उतरला आणि २०१७ मध्ये विजेता ठरला. एनआरएल या ऑस्ट्रेलियाच्या अव्वल लीगमध्ये २०२८ पासून त्या देशाचा संघ खेळणार आहे. त्यासाठी ऑस्ट्रेलियन सरकारने मोठी रक्कम देऊ केली, पण ती आली पिढ्यान्‌पिढ्या गावोगावी खेळ मुरल्यानंतर. तुमच्याकडे चारच क्लब असतील, तर राष्ट्रीय संघात त्या चार क्लबांसाठी जागा राखून ठेवा. परदेशातून येणाऱ्या खेळाडूला सामन्याआधी आठवडाभर लवकर बोलवा आणि शाळांमध्ये सराव घ्यायला पाठवा.

मान्यतेचं नंतर बघू

ग्रीसमध्ये हे फार जड गेलं. सरकारदरबारी या खेळावर दुसऱ्याच संघटनेचा हक्क धरला जात असल्यामुळे रग्बी लीगचे सामने बेकायदा ठरत. खेळाडू रात्री उशिरा, लपूनछपून खेळत. पोलीस येऊन सामने थांबवत. ऑगस्ट २०२२ मध्ये मान्यता मिळाली आणि दोनच महिन्यांनी हा देश आपला पहिला विश्वचषक खेळला. त्या मुलांची जिद्द मनात घर करून राहते. तरीही कुणाला त्या वाटेने जावं लागू नये. नोंदणी, क्रीडा खात्याची मान्यता आणि खेळाडूंचा विमा ही कामं पहिल्या सामन्याआधी संपवा. मान्यतेअभावी शाळांची दारं आणि सरकारी मैदानं बंद राहतात.

थेट दिग्गजांशी सामना

२००० मध्ये ऑस्ट्रेलियाने रशियाला ११०-४ असं हरवलं. अशा दिवसातून नवख्या संघाला शिकायला फार थोडं मिळतं आणि प्रायोजक दुरावतो तो वेगळाच. शेजारच्या, आपल्याच तोलाच्या देशाशी दरवर्षी ठरलेल्या महिन्यात खेळा.

एकाच खिशावर भिस्त

कॅनडाचा टोरंटो वुल्फपॅक हा क्लब २०१७ मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीतून निघून २०२० मध्ये तिथल्या अव्वल सुपर लीगपर्यंत पोहोचला. सॉनी बिल विल्यम्ससारखा तारा संघात होता, मैदानावर गर्दीही होत होती. पण कॅनडात घडलेले खेळाडू नावालाच, आणि पैसा मुख्यतः मालकाचा. कोविड आला आणि जुलै २०२० मध्ये संघाने हंगामातून माघार घेतली. म्हणून वर्गणी लहान असली तरी ती अनेकांकडून घ्या, आणि खर्च तेवढ्यातच बसवा.

पंचांचा विसर

सामने भांडणात संपत असतील, तर आधी इथे बघा. सहा टॅकलची (चेंडू घेतलेल्या खेळाडूला धरून अडवण्याची) मोजणी, बचाव करणाऱ्यांनी दहा मीटर मागे जाणं, टॅकलनंतर चेंडू पायाने मागे सारून खेळ सुरू करणं, हे सगळं पंचाच्या नजरेवर चालतं. क्लब नोंदवताना प्रत्येकाकडून दोन जण पंचाच्या प्रशिक्षणासाठी मागून घ्या. निवृत्त खेळाडू आणि शाळांतले क्रीडाशिक्षक यासाठी सहसा आनंदाने तयार होतात.